'गिमी', 'रिलोड', 'शँक' : गोल्फरांची बोली कशी समजून घ्यावी

तुमचा प्रश्न असा आहे : आठ महिन्यांपासून तुम्ही गोल्फ खेळत आहात, जुन्या खेळाडूंबरोबर फेरी करताना त्यांचे निम्मे बोलणे डोक्यावरून जाते, आणि पहिल्याच स्ट्रोक प्ले (फेरीतले सगळे फटके मोजण्याच्या) स्पर्धेत एक सहखेळाडू सवयीने 'दॅट्स गुड' म्हणाला म्हणून तुम्ही होलपासून वीतभर अंतरावर थांबलेला चेंडू उचललात, पुढच्या टीवरून, म्हणजे पुढच्या होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, फटका मारलात आणि फेरी संपल्यावर स्पर्धेतून बाद झालात. हे शब्द कुठून आले, त्यांचा नेमका अर्थ काय आणि ते कसे शिकावेत, अशी तुमची विचारणा आहे. बरीच वर्षे हा खेळ शिकवत असताना मी असे प्रसंग अनेकदा पाहिले आहेत, आणि दरवेळी वाईट वाटते, कारण खेळाडूने फटके नीट मारलेले असतात आणि त्याला दगा दिलेला असतो तो एका सैल शब्दाने.

म्हणून अर्थाच्या आधी एक गोष्ट तपासावी, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो : हा शब्द उच्चारल्याने, किंवा तो ऐकून तसे वागल्याने, स्कोअरकार्डवरचा आकडा बदलतो का? 'स्नोमॅन' म्हणजे काय हे तुम्हाला कळले नाही तरी काही बिघडत नाही. एका होलवर आठ फटके लागले की इंग्रजी अंकलिपीतील आठच्या एकावर एक ठेवलेल्या दोन गोलांवरून त्याला बर्फाचा बाहुला म्हणतात, एवढेच. परंतु 'गिमी', 'रिलोड' आणि 'मलिगन' हे शब्द त्याच सहजतेने बोलले जात असले, तरी त्यांच्यामागे नियमपुस्तिकेतील कलमे उभी आहेत. हे शब्द आधी शिकावेत, बाकीचे कानावर पडत पडत आपोआप येतात.

तुम्हाला नडलेला शब्द 'गिमी'. 'गिव्ह मी' या दोन शब्दांचे ते बोलण्यात झालेले रूप आहे, आणि 'हा पुट (चेंडू होलकडे घरंगळत नेणारा फटका) मला सोडून द्या' असा त्याचा मूळ भाव आहे. 'दॅट्स गुड', 'पिक इट अप', 'इनसाइड द लेदर' हे सगळे त्याच कुटुंबातले प्रयोग. शेवटच्या प्रयोगात पुटरच्या, म्हणजे पुट मारायच्या काठीच्या, मुठीच्या लांबीइतक्या अंतरातला चेंडू होलमध्ये गेला असे धरायचे असते. पूर्वी मुठीला चामडे गुंडाळलेले असे, त्यावरून 'लेदर' आले. मॅच प्लेमध्ये, म्हणजे दोन खेळाडूंची होलमागून होल अशी थेट लढत असते तेव्हा, प्रतिस्पर्ध्याला पुढचा फटका बहाल करण्याची मुभा नियमांनीच दिलेली आहे. ही सवलत एकदा दिली की मागे घेता येत नाही आणि समोरच्याला ती नाकारताही येत नाही. स्ट्रोक प्लेमध्ये मात्र तुमची लढत मैदानावरच्या प्रत्येक खेळाडूशी असते, त्यामुळे तुमच्या गटातल्या कोणालाही बाकी सर्वांच्या वतीने तुम्हाला फटका बहाल करण्याचा अधिकार नसतो. तिथे चेंडू होलमध्ये पडलाच पाहिजे.

तुमच्या बाबतीत चेंडू उचलल्यावरही सर्व काही हातचे गेले नव्हते. ग्रीनवरचा, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरचा, चेंडू खूण न करता उचलल्याबद्दल एक दंडाचा फटका घेऊन, चेंडू मूळ जागी ठेवून तुम्ही होल पूर्ण करू शकला असता. फक्त ही दुरुस्ती पुढच्या टीवरून फटका मारण्याआधी व्हायला हवी होती. शेवटच्या होलवर असे घडले, तर स्कोअरकार्ड जमा करेपर्यंत संधी असते. मॅच प्लेमध्ये तर नियमांनी बोलीभाषेच्या घोटाळ्याचाही विचार केला आहे : प्रतिस्पर्ध्याच्या बोलण्याचा वाजवी गैरसमज होऊन तुम्ही चेंडू उचललात, तर दंड लागत नाही, चेंडू परत जागेवर ठेवायचा असतो. म्हणून काहीही पुटपुटल्यासारखे ऐकू आले की 'दिला का?' असे स्पष्ट विचारावे. कोणी त्याचे वाईट वाटून घेत नाही.

गिमी देणे हा आळस आहे असे मात्र समजू नका. अमेरिका आणि ब्रिटन यांच्या संघांमधील १९६९च्या रायडर चषकात, रॉयल बर्कडेलच्या मैदानावर, शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या ग्रीनवर अमेरिकेच्या जॅक निकलसने आपला पुट होलमध्ये घातला आणि ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा सुमारे दोन फुटांचा पुट त्याला बहाल केला. त्यामुळे तो सामना बरोबरीत सुटला आणि संपूर्ण स्पर्धाही १६-१६ अशी बरोबरीत राहिली. या स्पर्धेच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते. त्याच्याच संघातील काहींना ते रुचले नाही, आणि दोन फुटांचा पुट दडपणाखाली किती लांब वाटू शकतो हे ज्याने अनुभवले आहे, त्याला त्या नाराजीचे कारणही कळते. मला स्वतःला या खेळातले ते सर्वांत सुंदर दान वाटते.

'रिलोड' हा शब्द याहून फसवा आहे, कारण त्याची किंमत लगेच लक्षात येत नाही. टीवरून मारलेला चेंडू झाडीत किंवा हद्दीबाहेर गेल्यासारखा वाटला की खेळाडू पिशवीतून दुसरा चेंडू काढत 'आय अ‍ॅम रिलोडिंग' म्हणतो. त्याच्या मनात असते ते असे की हा चेंडू तात्पुरता आहे, पहिला सापडला तर तोच खेळू. परंतु नियम सांगतो की दुसरा चेंडू मारण्याआधी 'प्रोव्हिजनल' हा शब्द वापरावा, नाहीतर आपण तात्पुरता चेंडू खेळत आहोत हे अन्य प्रकारे निःसंदिग्धपणे सांगावे. 'मी आणखी एक मारतो' किंवा 'पुन्हा मारतो' एवढे पुरत नाही. तेवढेच बोलून मारलेला दुसरा चेंडू त्या क्षणी खेळातला चेंडू ठरतो, दंडाचा फटका लागतो, आणि पहिला चेंडू फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या) मधोमध सापडला तरी त्याचा उपयोग राहत नाही. प्रोव्हिजनल म्हटले असेल, तर पहिला चेंडू शोधण्यासाठी तीन मिनिटे मिळतात. २०१९पूर्वी पाच मिळत असत. माझ्या विद्यार्थ्यांना मी 'रिलोड' हा शब्द सरावातसुद्धा वापरू देत नाही, कारण सरावात जिभेला लागलेले वळण स्पर्धेत सुटत नाही.

'मलिगन' म्हणजे बिघडलेला फटका घडलाच नाही असे मानून पुन्हा मारणे. दिवसाच्या पहिल्या टीवर घेतलेल्या मलिगनला 'ब्रेकफास्ट बॉल' असेही म्हणतात. या शब्दाच्या उगमाच्या कथा अनेक आहेत. त्यांतली सर्वांत जास्त सांगितली जाणारी डेव्हिड मलिगन या कॅनडातील हॉटेल व्यावसायिकाची आहे, ज्याने १९२०च्या दशकात घाईघाईने मैदानावर येऊन पहिला फटका वाया घालवला आणि सरळ दुसरा चेंडू टीवर ठेवला. नियमपुस्तिकेत मलिगन नाही. मित्रांच्या फेरीत तो घ्यायचा असेल, तर किती आणि कुठे हे पहिल्या टीवरच ठरवून घ्यावे. खेळ सुरू झाल्यावर मागितलेला मलिगन मैत्रीत कडवटपणा आणतो.

'व्हिफ', म्हणजे क्लब (मारायची काठी) फिरला आणि चेंडूला लागलाच नाही, हाही मोजायचा फटका आहे. चेंडू मारण्याचा इरादा होता, एवढे त्यासाठी पुरते. नवखे खेळाडू त्याला सरावाचा फटका म्हणून सोडून देतात, त्यामुळे हे स्पष्ट सांगितले. चेंडू टीइंग एरियातच, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या आखलेल्या जागेतच, राहिला असेल, तर २०१९पासून तो त्याच जागेत दंडाविना हलवून पुन्हा टीवर ठेवता येतो, एवढा दिलासा आहे.

इथवरचे शब्द आकडा बदलणारे होते. मला सर्वांत प्रिय असलेले शब्द मात्र फटक्याचे वर्णन करणारे आहेत. क्लबचे तोंड आणि चेंडू एकमेकांना टेकलेले असतात तो काळ एका सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाएवढा असतो. डोळ्याला तो दिसत नाही. त्या क्षणी काय घडले हे हाताला जाणवते, कानाला ऐकू येते, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या खेळाडूंनी त्या जाणिवेला नावे दिलेली आहेत. 'फॅट' किंवा 'चंक' म्हणजे क्लब चेंडूच्या आधी जमिनीला लागला : आवाज बोदा येतो, मातीचा पोळा उडतो आणि चेंडू जवळच गळून पडतो. 'थिन' म्हणजे क्लबची खालची कड चेंडूच्या मध्यरेषेजवळ लागली. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसतो, तेव्हा चांगला फटका आणि थिन यांत बोटाच्या जाडीएवढाच फरक असतो. तोच प्रकार आणखी बिघडला की 'स्कल' किंवा 'ब्लेड' होतो आणि चेंडू ग्रीन ओलांडून भलतीकडे जातो. मध्यरेषेच्याही वर लागला तर 'टॉप', आणि जमिनीला घासत पळणाऱ्या अशा चेंडूला 'वर्म बर्नर' म्हणतात, म्हणजे वाटेतले किडे भाजून काढणारा.

विद्यार्थी 'माझे काहीतरी चुकते आहे' असे म्हणतो तेव्हा मला त्यातून काहीच कळत नाही. तो 'लांबून चिप (ग्रीनजवळचा छोटा, उचललेला फटका) करताना मी फॅट मारतो आणि जवळून थिन' असे म्हणतो तेव्हा निम्मे निदान झालेले असते, कारण या दोन्ही चुकांचे मूळ बहुधा एकच निघते : क्लबच्या झोक्याचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो आहे. तो कधी जमिनीत घुसतो, कधी वर येताना चेंडूला चाटतो. शब्द नेमका असला की उपायही नेमका सुचतो.

या कुळातील सर्वांत धास्तीचा शब्द 'शँक'. लोखंडी क्लबच्या तोंडाला दांडी जिथे जोडलेली असते, त्या गोल मानेला हॉझल म्हणतात. चेंडू त्या मानेला लागला की उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू जवळजवळ काटकोनात उजवीकडे सुटतो. 'हॉझल रॉकेट' हे त्याचेच दुसरे नाव. कित्येक खेळाडू हा शब्द मैदानावर उच्चारत नाहीत, उच्चारला तर तो चिकटतो अशी त्यांची समजूत असते, आणि दुसऱ्याच्या शँकवर मोठ्याने बोलणे असभ्य मानले जाते. मैदानावर हा संकोच पाळावा, पण सरावाच्या जागी शब्द स्वच्छ उच्चारावा असे माझे मत आहे. क्लबच्या तोंडावर पायाला लावायची पांढरी पावडर फवारून काही फटके मारून बघा. चांगल्या फटक्याचा गोल ठसा तोंडाच्या मध्यावर उमटतो आणि शँकच्या आधीचे ठसे हळूहळू मानेकडे सरकत गेलेले दिसतात. मधले अंतर जेमतेम दोन बोटांचे असते. म्हणजे शँक मारणारा खेळाडू चांगल्या फटक्यापासून फार दूर नसतो. त्याचे वजन पायाच्या बोटांकडे झुकलेले असते किंवा हात शरीरापासून लांब जात असतात. चेंडूच्या पलीकडे दोन बोटांवर एक रिकामी खोकी ठेवून तिला स्पर्श न करता चेंडू मारायला सांगितले, की बहुतेकांचा शँक त्याच दिवशी आटोक्यात येतो.

चेंडू हवेत वळण्याचे शब्द तुम्हाला एव्हाना माहीत असतील. उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी उजवीकडे जाणारे मोठे, नको असलेले वळण म्हणजे 'स्लाइस', तेच हवे तेवढे आणि ताब्यातले असेल तर 'फेड'; डावीकडचे नको असलेले वळण 'हुक', ताब्यातले 'ड्रॉ'. स्लाइसने पार केळ्याचा आकार घेतला की 'बनाना बॉल', आणि हुक सुटताक्षणी खाली बुडाला की 'डक हुक'. यातली एक गोष्ट मला फार आवडते. फेब्रुवारी १९७१मध्ये अपोलो १४ मोहिमेतील अ‍ॅलन शेपर्डने चंद्रावर गोल्फचा चेंडू मारला. नमुने गोळा करण्याच्या उपकरणाच्या दांड्याला सहा नंबरच्या लोखंडी क्लबचे डोके बसवून, ताठर पोशाखामुळे एकाच हाताने. सुरुवातीच्या प्रयत्नात चेंडूपेक्षा मातीच जास्त लागली असे तो स्वतःच म्हणाला, म्हणजे तो आपल्या भाषेत फॅट होता. आणि नंतरच्या फटक्यावर पृथ्वीवरच्या नियंत्रण कक्षातून फ्रेड हेज म्हणाला की हा तर स्लाइस दिसतो. चंद्रावर हवा नाही, आणि फिरणारा चेंडू वळतो तो हवेमुळे, तेव्हा तिथे खरा स्लाइस होणेच शक्य नाही. तरीही चेंडू नीट गेला नाही हे पाहताच त्याच्या तोंडून तोच शब्द निघाला, इतकी ही बोली खेळणाऱ्याच्या अंगात मुरते.

बंकरमधला, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातला, 'फ्राइड एग' नाव ऐकताच डोळ्यांसमोर येतो : उंचावरून पडलेला चेंडू मऊ वाळूत अर्धा रुततो आणि त्याच्याभोवती वाळूचे कडे उठते. हे नाव ऐकले की फटका कसा मारायचा हेही आठवले पाहिजे. एरवी बंकरमध्ये क्लबचे तोंड उघडे ठेवतात. इथे ते सरळ किंवा किंचित मिटलेले ठेवून चेंडूमागची वाळू खोलवर खणावी लागते, आणि बाहेर आलेला चेंडू फिरकीविना लांब घरंगळतो, म्हणून तेवढी जागा ध्यानात धरूनच दिशा निवडावी. बंकरमधून बाहेर काढून पुढच्या एका पुटमध्ये होल संपवला तर त्याला 'सँडी' म्हणतात. ग्रीनच्या बाहेरून पुटरनेच चेंडू ढकलला तर तो 'टेक्सस वेज'. टेक्ससच्या कोरड्या, टणक आणि वाऱ्याच्या मैदानांवर चेंडू उंच उडवण्यापेक्षा जमिनीवरून नेणे शहाणपणाचे असे, त्यावरून हे नाव पडले. नवख्यांनी हा फटका मारायला लाजू नये. गवत बारीक कापलेले असेल, तर तुमचा बिघडलेला पुटसुद्धा बिघडलेल्या चिपपेक्षा होलच्या जवळ राहतो.

'यिप्स' या शब्दाबद्दल मी थोडा गंभीर होतो. लहान पुट मारताना मनगटाला अचानक, अनिच्छेने बसणारा झटका म्हणजे यिप्स. हा शब्द रूढ करण्याचे श्रेय १९३१ची ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकणाऱ्या टॉमी आर्मर यांना दिले जाते. जर्मनीच्या बर्नहार्ड लँगर यांना हा त्रास कारकिर्दीत एकाहून अधिक वेळा झाला, आणि तरीही १९८५ आणि १९९३ अशी दोनदा त्यांनी मास्टर्स स्पर्धा जिंकली. पुटरची पकड बदलणे, लांब दांड्याचा पुटर घेणे असे उपाय त्यांनी केले. एक पुट चुकला म्हणून कोणाला 'यिप्स झाले' असे म्हणू नका. चुकलेला पुट आणि ताबा सुटलेला हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्याला खरोखर तो त्रास आहे त्याच्यासाठी तो शब्द जड असतो.

गुणांची नावे थोडक्यात सांगतो, कारण ती कुठेही सापडतात. पार म्हणजे होलसाठी ठरवलेली प्रमाण फटक्यांची संख्या; पारपेक्षा एक फटका कमी म्हणजे 'बर्डी'. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकी बोलीत उत्तम गोष्टीला 'बर्ड' म्हणत, आणि हा शब्द न्यू जर्सीतील अटलांटिक सिटीच्या मैदानावर जन्मला असे मानले जाते. पुढे पक्षी मोठे होत गेले : दोन कमी म्हणजे 'ईगल', तीन कमी म्हणजे 'अल्बट्रॉस', ज्याला अमेरिकेत 'डबल ईगल' म्हणतात. १९३५ साली अमेरिकेतील ऑगस्टाच्या मैदानावर पंधराव्या होलवर जीन सॅराझेन यांनी सुमारे २३५ यार्डांवरून चार नंबरच्या वुडने, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबने, चेंडू थेट होलमध्ये घातला, तो या शब्दाचा सर्वांत गाजलेला नमुना. 'बोगी'चा प्रवास उलटा आहे. १८९०च्या दशकात इंग्लंडमध्ये तो चांगल्या खेळाडूने गाठावा असा प्रमाण आकडा होता. अमेरिकेत पार ही कडक मोजणी रुजल्यावर तोच शब्द पारपेक्षा एक जास्त या अर्थाला उतरला.

पैज लावणाऱ्यांच्या बोलीतून दोन शब्द पुरेत. 'नॅसॉ' म्हणजे एका फेरीत तीन पैजा, पहिल्या नऊ होलची, नंतरच्या नऊची आणि एकूण अठराची. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील त्याच नावाच्या कंट्री क्लबवरून हे नाव आले. 'सँडबॅगर' म्हणजे मुद्दाम वाईट गुण नोंदवून हँडिकॅप (कमकुवत खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट) फुगवणारा आणि स्पर्धेच्या दिवशी त्याचा फायदा घेणारा. ब्रिटनमध्ये त्याला 'बँडिट' म्हणतात. 'सँडबॅगर' आणि 'बँडिट' हे शब्द हसत उच्चारले जातात, पण ते सरळ अप्रामाणिकपणाचे आरोप आहेत, तेव्हा एखाद्याचा एक दिवस चांगला गेला म्हणून ते त्याला चिकटवू नयेत.

राहिला 'फोर'. त्याला मी बोलीतला शब्द मानत नाही, ती जबाबदारी आहे. चेंडू कोणाच्या दिशेने जातो आहे असे वाटताच पोटातून ओरडावे, चेंडू वळून परत येईल का याची वाट पाहू नये, आणि हाताने दिशाही दाखवावी. संकोचाने अर्ध्या आवाजात 'फोर' म्हणणारे नवखे खेळाडू मी पुष्कळ पाहिले आहेत. पहिल्याच दिवशी मी त्यांना रिकाम्या मैदानाकडे तोंड करून तो शब्द दहा वेळा ओरडायला लावतो. तुम्ही स्वतः तो ऐकलात, तर चेंडू कुठून येतो आहे हे पाहण्यासाठी मान वर करू नका. पाठ आवाजाकडे करा, दोन्ही हातांनी डोके झाका आणि चेंडू जमिनीवर पडल्याचा आवाज येईपर्यंत तसेच वाकून राहा.